फ्लीट तुरुंगाचं चित्र: हे आवार खरं मानायचं का?

रंगरेषा: लंडनच्या फ्लीट तुरुंगाचं १८०८ च्या सुमाराचं चित्र पुन्हा बघितलं. त्यातली इमारत प्यूजिननं काढलेली, माणसं रोलँडसननं. अॅकरमन या प्रकाशकानं लंडनवरच्या चित्रसंग्रहात ते हातानं जलरंग भरून छापलं. मोकळं आवार, रॅकेटचा खेळ, घोळक्यानं गप्पा. ही सगळी कर्ज फिटलं नाही म्हणून डांबलेली माणसं! याच तुरुंगाला रस्त्याच्या बाजूला गजांची खिडकी होती. गजांआड बसून एक कैदी येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘गरीब कर्जदारांची आठवण ठेवा’ असं विनवत भीक मागायचा. चित्रकार आवारात बसले, त्या खिडकीपाशी नाही. मला हे चित्र अर्धं खोटं वाटतं.

भिंतीपाशी: साफ असहमत. खेळ काही चित्रकारांनी रचलेला नाही. १८२० मध्ये रॅकेटचा जगज्जेता म्हणवून घेणारा रॉबर्ट मॅके फ्लीटचाच कैदी होता. काम नाही, बाहेर जायची सोय नाही, समोर उंच भिंत. माणूस चेंडू मारणार नाही तर काय करणार? तुम्हाला तिथे मौज दिसते, मला सरता न सरणारी दुपार दिसते.

रंगरेषा: अहो, पण तुरुंगात खोलीचे पैसे, तुरुंगाधिकाऱ्याचे पैसे, सगळ्याचेच पैसे पडत. रॉबर्ट कॅसल हा वास्तुविद्येवर लिहिणारा माणूस. त्याला हे पैसे देता आले नाहीत, तर देवीची साथ असलेल्या घरात कोंडला. १७२८ मध्ये तो तिथेच गेला. त्याचा मित्र ओगलथॉर्प पुढच्याच वर्षी संसदेच्या चौकशी समितीचा अध्यक्ष झाला.

भिंतीपाशी: ते ८० वर्षं आधीचं! मधे १७८० च्या दंगलीत फ्लीट जळलं, पुन्हा बांधलं. कॅसलच्या मरणाचा जाब या चित्राला कसा विचारता?

सुपेकर: मी मधेच बोलतो. आमच्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तेव्हा कुठे १८७९ चा कायदा आला आणि पैशाच्या वसुलीच्या कोर्टाच्या हुकूमनाम्यापायी दख्खनच्या शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. इंग्लंडात कर्जाची कैद १८६९ साली बरीचशी उठली होती, म्हणजे दहा वर्षं आधी. आमच्या घरी पणजोबांचं एक कर्जखत आहे, घडीवर फाटलेलं. खाली अंगठा, शाई पसरलेली. त्यांचा चेहरा कसा होता हे घरात कुणालाच माहीत नाही. फ्लीटच्या कर्जदारांना निदान टोप्या आहेत, पाठी आहेत, कुणी वाकलंय, कुणी उभं आहे. ताई, या चित्राला खोटं म्हणू नका.

रंगरेषा: दादा, ‘खोटं’ हा शब्द मागे घेते. पण हे चित्र कुठेही लावलं, तर शेजारी त्या खिडकीबद्दल दोन ओळी हव्यातच.

भिंतीपाशी: शेजारी नको, खाली लिहा. आधी माणसं बघू द्या.