मदत हवी आहे: पाणी पाचव्या दिवशी, टाकी किती लिटरची घ्यावी?

सोलापुरात नवख्याला दोन गोष्टी पटकन कळतात. कडक भाकरी चुरून खायची असते, आणि शेजारी नावाआधी ‘तुमच्याकडं पाणी कधी?’ हे विचारतात.

जुळे सोलापूर, दुसरा मजला, भाड्याचं घर, तीन माणसं. खाली सामायिक हौद, गच्चीवर आमच्या वाट्याची ५०० लिटरची टाकी. माणशी रोज ८० लिटर धरले तरी पाच दिवसांचे १२०० होतात, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळीच खडखडाट. २०० लिटरचं पिंप आणून पाहिलं. झाकण सैल, त्यामुळं डासांच्या अळ्या झाल्या. आता फडकं बांधलंय, पण पाणी तरी पुरत नाहीच. नळाला थेट मोटार लावायची नाही, टँकरला मालक नको म्हणतात.

आणखी ७०० लिटर तरी साठवायचे आहेत. १००० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन, आणि स्लॅब जुना. मालकांची परवानगी आहे, फक्त ‘गळती नको’ एवढीच अट.

तर तुळईवर १००० ची एकच टाकी ठेवावी, की ५०० च्या दोन वेगवेगळ्या तुळयांवर? आणि जुन्या टाकीला खालून जोडताना तिन्हींचे तळ एकाच पातळीत नसले तर नेमकी कुठली टाकी वाहू लागेल?