गोलोम्ब यांची क्रमिका बघा

१, २, २, ३, ३, ३… (प्रत्येक संख्या तिच्याइतक्याच वेळा) या क्रमिकेत शंभरावं पद हवं तर मोजतच बसावं लागतं, असं म्हणतात; ते मला पटलं नाही. पदाच्या क्रमांकाची दुप्पट करा, वर्गमूळ काढा, जवळची पूर्ण संख्या घ्या. २०० चं वर्गमूळ १४.१४, म्हणजे उत्तर १४.

मला मात्र अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलोम्ब यांची क्रमिका जास्त आवडते: १, २, २, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ५… कोणती संख्या किती वेळा येणार, हे ती स्वतःच सांगते. तिसरं पद २, म्हणून ३ दोनदा. चौथं पद ३, म्हणून ४ तीनदा. चौकटीच्या वहीत शंभर पदं लिहून काढली, शेवटचं २१ आलं. हिच्या अंदाजाच्या सूत्रात चक्क सुवर्ण गुणोत्तर (सुमारे १.६१८) येतं, आणि त्यातून शंभराव्या पदासाठी साधारण २०.७ मिळतात! हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा किती वेळ वहीकडे बघत राहिलो होतो.