आपला कांदा जातो तेव्हा, आणि जात नाही तेव्हा

मंचरकर:
गाव मंचरजवळ, नोकरी पुण्यात, राहायला कोंढवा. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आमचा हळवी, म्हणजे पावसाळी हंगामाचा कांदा काढणीला आलेला. आधल्या आठवड्यात दहा किलोला साडेतीनशे, बंदीनंतर दोनशेच्या आत. हळवी टिकत नाही, त्यामुळे आला तो भाव घेतला. वडील आजही त्या आठवड्याचं नाव काढलं की पान थुंकतात.

आमच्या वरच्या मजल्यावर बांगलादेशचा एक मुलगा राहतो, फार्मसी शिकतो. परवा कांदा महागल्यावरून मी बोलत होतो. तो म्हणाला, २०१९ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे अडीचशे टका किलो झाला होता, आई पाव-पाव किलो आणायची. तुम्ही सप्टेंबरात बंद केला म्हणून! त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय करायला सांगितलंय, हे त्यानंच सांगितलं.

मग तो जे बोलला ते डोक्यातून जाईना. “देता तेव्हा इतका स्वस्त देता की आमचा शेतकरी मागे पडतो, आणि एका रात्रीत बंद करता.” आपण बंदीला शिव्या घालतो ते आपल्या भावासाठी. पण आपला माल जाणं त्यांच्या ताटासाठी चांगलं की वाईट?

गाळा_नंबर_सांगत_नाही:
पुण्याच्या गुलटेकडी बाजारात अठरा वर्षं कांद्यात आहे. तुमच्या वरच्या मजल्यावरचा तो मुलगा बरोबर बोलला. दुबई, मलेशियाचा माल कंटेनरनं जातो. बांगलादेशचा मात्र ट्रकनं, पार बंगालची हद्द. सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाच्या गाड्या हद्दीवर अडकल्या. आठवडाभर ताडपत्रीखाली कांदा. उघडली तेव्हा वरच्या गोण्यांना कोंब, आणि खालच्या थरातून फाळक्यावरून काळं पाणी गळतंय. पलीकडचा व्यापारी फोनवर एवढंच म्हणाला की आता मी पाकिस्तान-तुर्कस्तानचा बघतो. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दारी गेलं की परत आणायला फार घासावं लागतं.

माजी_मास्तर_सदाशिव:
कांद्यावाचून माणूस कुरकुरतो, उपाशी राहत नाही. पोटाचा प्रश्न बघायचा तर तांदूळ बघा.

२००७ च्या ऑक्टोबरात आपण बिगर-बासमतीची निर्यात रोखली, पाठोपाठ व्हिएतनामनं हात आखडता घेतला. थायलंडचा तांदूळ टनाला तीनशेच्या घरात होता, तो २००८ च्या वसंतात हजार डॉलरपर्यंत चढला. जगात तांदूळ संपला नव्हता हो! एकानं दार लावलं म्हणून बाकीच्यांनी कड्या घातल्या, आणि फिलिपिन्ससारखे देश घाबरून मिळेल त्या भावानं उचलत सुटले. २० जुलै २०२३ ला आपण पांढरा तांदूळ पुन्हा बंद केला, सव्वा वर्षानं उघडला. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा आपला, त्यामुळे आपली साधी अधिसूचना तिकडे चुलीपर्यंत पोचते.

सर्वांत बोलकं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचं. फ्रेंचांनी तिथल्या शेतकऱ्याला तेलासाठी भुईमुगाला लावलं आणि खायला इंडोचायनातून, म्हणजे व्हिएतनामकडच्या आपल्याच वसाहतीतून, कणी आणून दिली, गिरणीत तुटलेला तांदूळ. आपल्या घरात कण्या म्हणजे गरिबाचं जेवण. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कणीच खाल्ली गेली, आणि मासे घालून शिजवलेला त्यांचा राष्ट्रीय भात आज कणीचाच लागतो, अख्खा तांदूळ त्यांना आवडत नाही. म्हणजे बाहेरचा स्वस्त माल नुसता पोट भरत नाही, जीभही घडवतो. मग सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणी बंद केली. त्यांच्या सरकारनं मागितली तर देऊ, एवढी फट नंतर ठेवली. पण सरकारी कागद फिरेपर्यंत बाजार थांबतो का?

तेव्हा चांगलं की वाईट, हे माल गेला की नाही यावर ठरत नाही. दरवर्षी येणार याची खात्री आहे का, यावर ठरतं. खात्री असेल तर ढाक्यातल्या मजुराला आपला कांदा वरदानच. नसेल तर त्याची सवयच त्याच्या गळ्याशी येते.

भीमाकाठ:
आधी आपल्या बापाचं बघा, मग ढाक्याचं.

मंचरकर:
@भीमाकाठ, बापाचंच बघतोय. काल रात्री त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. सेनेगल त्यांनी कानाआड केलं आणि विचारलं, “त्या पोराला विचार, त्यांच्याकडे कांदा निघतो कधी?”

वर जाऊन विचारलं. त्याचा मामा पाबना जिल्ह्यात कांदा करतो. मुख्य पीक मार्च-एप्रिलला, म्हणजे आपल्या गरव्या, उन्हाळी टिकाऊ कांद्याबरोबरच. पिकतो भरपूर, पण पावसाळा काढत नाही, घराच्या माळ्यावर सडतो. मी मोबाइलवर आमच्या कांदा साठवायच्या चाळीचा फोटो दाखवला: खालून हवा खेळायला जमिनीपासून उचललेली, बाजूला पट्ट्या, वर पत्रा. तो बराच वेळ बोटांनी मोठा करून बघत राहिला. म्हणाला, लांबी-रुंदी किती, मामाला पाठवतो.

वडिलांना तेही सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “फोटो पाठव. मापं सांगू नकोस.”

गाळा_नंबर_सांगत_नाही:
😂 वडिलांना माझा नमस्कार सांगा. रुंदी मात्र फोटोवरून कळतेच.