मदत हवी आहे: पुरावे कुठल्याही क्रमाने सापडले तरी रहस्य टिकवायचं कसं?

ट्वाइनमध्ये (वाचक वाट निवडतो अशा कथा-गेम बनवायचं साधन) मराठी गुप्तहेर गेम करतोय. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत यंत्रमाग कारखान्याचा मुनीम गायब होतो. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, कारखाना, खेळाडूने कुठूनही सुरुवात करावी. पुरावे 14.

घोळ असा: पान फाडलेली हजेरीवही आधी सापडली की मुनिमाच्या बायकोची जबानी फुसकी ठरते, तिचं खोटं आधीच उघडं पडलेलं असतं. प्रत्येक पुराव्याला व्हेरिएबल (तो सापडला की नाही याची नोंद) लावलं, तर अटींचं जंजाळ झालं. प्रत्येक निष्कर्षाला तीन वाटा ठेवल्या. खेळाडू अडकत नाही, पण अर्ध्या तासात उकल!

वही कुलपात ठेवायची नाहीये (मग सरळ कथाच लिहिली असती की). एकटाच आहे, कोडिंग जेमतेम. अशा वेळी वही पाहिलेल्यासाठी जबानीत दुसरंच काही लपवावं, की पुराव्यांऐवजी निष्कर्षांची नोंद ठेवून संवाद बदलावेत?