महिना ४१३ रुपये: डीटीएचवाल्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांना उत्तर

देवरुखकर
परवा इथे एकाने लिहिलं, "डीटीएचला दर महिन्याला पैसे भरणारे निव्वळ मूर्ख. फ्री डिश बसवा, दोन हजारांत काम होतं, मग जन्मभर सगळं फुकट." (डीटीएच म्हणजे छत्रीवर येणारी, पैसे भरायची खासगी टीव्ही सेवा; फ्री डिश म्हणजे दूरदर्शनवाल्या प्रसारभारतीची तशीच, पण बिनपैशाची.) त्याला माना डोलावणारेही पुष्कळ निघाले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी आई देवरुखला एकटी असते. वय ७८, गुडघे गेलेले, अंगणापलीकडे जाणं बंद. संध्याकाळी दिवा लावला की रात्री दहापर्यंत टीव्ही हीच तिला सोबत. बघते काय? स्टार प्रवाह, झी मराठी, अधूनमधून कलर्स मराठी. सकाळी सह्याद्री आणि एबीपी माझा. पहिली तीन फ्री डिशवर दाखवा मला. तिन्ही पैसे भरून बघायची चॅनेलं आहेत, तिथे ती नाहीत. मग "सगळं फुकट" हे कुणाच्या घरातलं सगळं?

आता खर्चाचं. गणपतीत घरी गेलो तेव्हा रिचार्ज ४१३ रुपये जात होता. फोड काढली तर १३० रुपये नेटवर्कचे, म्हणजे जोडणी चालू ठेवायचं ठरावीक शुल्क, २२० रुपयांचा पॅक, वर १८ टक्के जीएसटी. त्या २२० मध्ये इंग्रजी सिनेमे, कार्टून, खेळाची चार-पाच चॅनेलं. आईने त्यातलं एकही कधी लावलं नव्हतं. हा पॅक घातला कुणी? रिचार्ज करून देणाऱ्या पोराने, "काकू, यात सगळं येतं" म्हणून. मी तिथेच बसून एकेक चॅनेल निवडलं. ७० रुपयांत भागलं. १३० आणि ७० मिळून २००, करासकट २३६. वर्षाला २,१२४ रुपये वाचले आणि आईची एकही मालिका गेली नाही.

म्हणजे पैसे डीटीएच खात नाही, न निवडलेला पॅक खातो. सल्ला द्यायचाच तर तो द्या. माणसांना मूर्ख म्हणू नका.

शिवार
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. बार्शीजवळ वस्तीवर राहतो. चार वर्षांपूर्वी छत्री, डबा, वायर, बसवणावळ धरून १,९०० रुपये दिले. त्यानंतर टीव्हीसाठी खिशात हात घातलेला नाही. तुमचे ४१३ वर्षाला ४,९५६ होतात. त्यात माझ्या दोन पोरांची वह्या-पुस्तकं, दप्तरं येतात. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी "तुमचा रिचार्ज संपला आहे" ही पाटी बघायची वेळ ज्याच्यावर आली नाही त्याला हे कळणार नाही. आमच्याकडे ती पाटी येत नाही. मराठी चॅनेलं बघतो, मराठी सिनेमे बघतो, बातम्या बघतो. आणि भारताची मॅच डीडी स्पोर्ट्सवर फुकट बघतो, जी तुम्हाला पैसे भरूनही त्या चॅनेलवर दिसत नाही.

जुनाफलंदाज
बरं झालं हा विषय काढला. ही माझी आठ वर्षांची चीड आहे.

डीटीएच घ्या नाहीतर केबल, दूरदर्शनची चॅनेलं तुमच्या यादीत सक्तीने असतात. डीडी स्पोर्ट्स यादीत आहे. पण भारताचा वनडे सुरू झाला की तिथे एक तर सूचना येते, नाहीतर कुठली तरी जुनी कुस्ती. तोच डीडी स्पोर्ट्स शेजारच्या फ्री डिशवर मॅच दाखवत असतो. मी कर भरतो, रिचार्ज भरतो, प्रसारभारती माझ्याही पैशावर चालते. मग मला का नाही?

कायद्याचं_बोला
कारण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं, पण ते फक्त जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवायचं. खासगी डीटीएच आणि केबलवर तेच पुन्हा दिलं तर हक्क विकत घेणाऱ्याने पैसे कशाचे मोजले? २०१८ मध्ये भारतातल्या सामन्यांच्या पाच वर्षांच्या हक्कांसाठी स्टारने ६,१३८.१ कोटी रुपये मोजले होते. तो पैसा कुठून तरी वसूल होणारच.

जुनाफलंदाज
वसूल होतोच आहे, माझ्याकडून. फुकट प्रक्षेपणावरच्या जाहिरातींचा वाटाही हक्कवाल्याला मिळतो, त्याच कायद्यात ७५:२५ लिहिलं आहे, ७५ त्यांचे. म्हणजे प्रसारभारतीने दाखवलं तरी ते उपाशी राहत नाहीत.

माझे वडील गिरणीत होते. रेडिओवर कॉमेंटरी ऐकायचे, १९८३ चा अंतिम सामना चाळीत एकाच टीव्हीपुढे चाळीसएक माणसांनी पाहिला. दूरदर्शनवर. पैसे कुणी मागितले नव्हते. आज त्याच दूरदर्शनचं चॅनेल माझ्या घरात आहे, आणि मॅचच्या वेळी मला आत घेत नाही. हा अपमान आहे, रुपयांचा प्रश्न नाही.

शिवार
मग बसवा की फ्री डिश. आयपीएलही दिसेल.

कायद्याचं_बोला
आयपीएल राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांच्या यादीतच नाही, चुकीचं पसरवू नका. यादीत भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी आहेत, मोठ्या स्पर्धांचे उपांत्य आणि अंतिम सामने आहेत. कसोटी सगळ्या नाहीत.

शिवार
बरं, आयपीएल नाही. बाकीचं खोटं नाही ना?

अमृता
तुम्ही सगळे २०१० मध्ये अडकलात का? घरात ब्रॉडबँड आहे, अॅप आहे, मालिका हवी तेव्हा बघता येते. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी छत्री काढून टाकली. ट्राय या सरकारी नियामकाच्याच आकड्यांत पैसे भरणारे डीटीएच ग्राहक आता सहा कोटींच्या खाली आले आहेत, एके काळी सात कोटींच्या आसपास होते. लोक उगाच सोडून जात नाहीत.

देवरुखकर
अमृताताई, ब्रॉडबँडचे महिन्याचे पैसे हिशेबात धरले का? तुम्ही ते ऑफिसच्या कामासाठी घेतलं आहे, टीव्ही त्यावर आयता चालतो. आईला दुसऱ्या कशासाठीही ब्रॉडबँड लागत नाही. तिचा टीव्ही साधा आहे, तो बदलायचा. शिवाय अॅपचं वेगळं. आणि मुख्य म्हणजे अॅपमधून बाहेर पडलं की तिला परत आत जाता येत नाही. मागच्या मे महिन्यात प्रयोग केला. पुण्याहून फोनवर अर्धा तास "आई, घराचं चित्र असलेलं बटण दाब" करत होतो. शेवटी ती म्हणाली, "राहू दे रे, मी पोथी वाचते." त्या वाक्यानंतर मी परत डीटीएच सुरू केलं.

अमृता
ठीक आहे, आईंच्या बाबतीत तुमचं खरं. पण पन्नाशीच्या आतल्या माणसाने ३००-४०० रुपयांचा पॅक घेणं मला अजूनही पटत नाही.

छत्रीवाला
सोळा वर्षं चिपळूण-गुहागर पट्ट्यात छत्र्या बसवतो, म्हणून थोडं. तुम्ही महिन्याचं बोलताय, छपरावरचा खर्च कुणीच धरला नाही.

खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर गंजतो. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग, तीन-चार पावसाळे काढतो, मग बदला. पत्र्यावर बसवलेली छत्री वाऱ्याने हलते, एक बोट हलली तरी सिग्नल जातो. आपल्याकडून उपग्रह आग्नेयेला, त्या दिशेचा माड किंवा आंब्याची फांदी वाढली की लोक कंपनीला शिव्या देतात. पहिली भेट फुकट, पुढे दर खेपेला पैसे. हे फ्री डिशलाही लागू आहे, शिवारभाऊ. छत्री ती छत्रीच.

आणि पाऊस. ही सगळी सेवा केयू बँडवर, म्हणजे आखूड लहरींवर चालते, दाट सर आली की त्या लहरी पाण्यात जिरतात. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या बहुतेक सी बँडच्या, म्हणजे जास्त लांब लहरींच्या, त्यांना पाऊस कमी अडवतो. माझाच धंदा, तरी सांगतो: गावात चांगला केबलवाला असेल तर जून ते सप्टेंबर त्याच्याकडे टीव्ही जास्त चालतो.

शिवार
बार्शीला तुमच्यासारखा पाऊस नाही. पण खरं सांगायचं तर एक खर्च मी लिहिला नव्हता. चॅनेलं बदलली की डबा पुन्हा ट्यून करावा लागतो. सुरुवातीला जमत नव्हतं, दोनदा माणूस बोलावला, शंभर-शंभर दिले.

देवरुखकर
आणि चॅनेलं का बदलतात, तेही लिहा. फ्री डिशवरच्या जागा प्रसारभारती लिलावात देते. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी चॅनेलं काढून घेतली, मग आणली, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढली. आज जे दिसतं ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही. "जन्मभर" हा शब्द तिथे बसत नाही.

शिवार
बसत नाही तर नाही. रिचार्ज न भरता टीव्ही चालू राहतो हे बसतं.

बेळगावचा_मी
माझं दुखणं कुणाला माहीत नसणार. मी बेळगावच्या शहापुरात राहतो. घरात चार पिढ्या मराठी. डीटीएच घेतलं तेव्हा पत्ता कर्नाटकाचा म्हणून पॅक कन्नड आला. मला कन्नड येतं, शेजाऱ्यांशी तेच बोलतो, भाषेशी भांडण नाही. पण मराठी चॅनेलं हवीत म्हटल्यावर कॉल सेंटरवरचा मुलगा म्हणाला, तो महाराष्ट्राचा पॅक आहे, तुम्हाला वेगळा जोडावा लागेल. म्हणजे आधीचा पॅक अधिक वेगळी मराठी चॅनेलं. दोन वर्षं जास्तीचे पैसे गेले. कंपनीचं नाव घेत नाही, पण ओळखीतल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांचीही तीच कथा.

देवरुखकर
दादा, मूळचा पॅक काढून टाकता येतो! फेब्रुवारी २०१९ पासून हा नियम आहे. कुठलाही पॅक घेणं सक्तीचं नाही, एकेक चॅनेल निवडायचा हक्क ग्राहकाचा. बेळगाव असो की म्हापसा, झी मराठी एकटं मागता येतं.

कायद्याचं_बोला
कागदावर. व्यवहारात काय झालं? नियम आला त्या वर्षी झी मराठी एकटं १९ रुपये, कलर्स मराठी १०, स्टार प्रवाह ९. ही तीन १३० मध्ये मिळवून कर लावला की १९८ रुपये २४ पैसे. म्हणजे तीनच चॅनेलं बघणाऱ्या माणसाचंही बिल जवळपास दोनशे. आणि सुट्ट्या किमती चढ्या ठेवून पॅक स्वस्त केला की माणूस आपणहून पॅककडे जातो. पुढे ट्रायने दुरुस्त्या केल्या, न्यायालयात भांडणं झाली. शेवटी फेब्रुवारी २०२३ पासून पॅकवरची सूट ४५ टक्क्यांच्या वर नको असं ठरलं. तरी सुट्टं घेणारे थोडेच. आणि जुलै २०२४ मध्ये १३० ची मर्यादाही काढून टाकली, आता कंपनी ठरवेल ते शुल्क. निवडीचा हक्क दिला आणि निवडणं महाग ठेवलं.

देवरुखकर
हे मान्य. तरी माझ्या घरी २२० चे ७० झाले, हेही खरं.

बेळगावचा_मी
मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं. आज दुपारीच फोन करतो.

छत्रीवाला
फोन केलात तर आधी "पॅक काढा" म्हणा, मग चॅनेलचे नंबर वाचून दाखवा, नावं नको. नावं सांगितली की ते एचडी जोडतात. एचडीची किंमत वेगळी, आणि २०१९ च्या नियमात नेटवर्क शुल्काच्या मोजणीत एक एचडी म्हणजे दोन साधी चॅनेलं धरत. तुमचा टीव्ही जुना असेल तर ते पैसे पाण्यात. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचं शुल्कही विचारा, नियमात ते पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच होतं. माझ्या गिऱ्हाइकांत कित्येकजण दोन्ही टीव्हींचं पूर्ण भरत होते.

जुनाफलंदाज
सगळं ठीक. डीडी स्पोर्ट्सचं काय? त्यावर कुणी बोललं नाही.

कायद्याचं_बोला
बोललो की. निकाल आहे.

जुनाफलंदाज
निकाल मला माहीत आहे. कायदा बदलता येतो, असं म्हणतोय. ज्या घरात फ्री डिश नाही आणि खेळाच्या पॅकचे पैसेही नाहीत, त्या घरातल्या पोराने भारताची मॅच कुठे बघायची?

शिवार
आमच्याकडे या. वस्तीवर सगळेच येतात.

देवरुखकर
शिवारभाऊ, तुमच्या वस्तीसाठी फ्री डिशच बरोबर आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. माझा राग "मूर्ख" या शब्दावर होता.

शिवार
तो शब्द मागे घेतो. तुमच्या आईचं वय लिहिलंत तेव्हाच घ्यायला हवा होता. पण रिचार्ज करणाऱ्या सगळ्यांच्या घरी ७८ वर्षांची आई नसते. बाकीच्यांना माझं म्हणणं लागू आहे.

बेळगावचा_मी
फोन केला. सव्वा तास गेला, तीनदा लाइन तुटली. पॅक निघाला. पाच मराठी आणि दोन कन्नड चॅनेलं ठेवली, कन्नड आमच्या सूनबाईंना हवी होती. महिन्याला १६० रुपये कमी येतील म्हणाले. पुढच्या रिचार्जला आकडा बघून इथे सांगतो.