साइटवर आजचा भाव टाकला तरी लोकांना कालचाच दिसायलाय, कॅशे (साठवून ठेवलेली जुनी कॉपी) कशी साफ करावी?

मोंढा_लातूर: रामराम मंडळी. लातूरच्या मोंढ्यात काकांची आडत आहे, त्यांना वर्डप्रेसवर साधी साइट करून दिली मी. रोज सौदा निघाला की सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या भावाचा फोटो टाकतो. नाव रोज तेच, भाव डॉट जेपीजी, फाइल मॅनेजरमधून जुन्यावर नवा चढवतो म्हणजे पानात काही बदलायला नको. पण लोकांच्या मोबाइलवर जुनाच फोटो दिसायलाय. काल औशाकडचे एक शेतकरी साइटवरला भाव बघून 20 कट्टे टमटममध्ये घालून आले, अन इथं आल्यावर कळलं की तो परवाचा भाव, काल क्विंटलमागं 150 रुपये कमी निघाला होता. ते काही बोलले नाहीत पण मला रात्री झोप लागली नाही. कॅशेच्या प्लगइनमधून पर्ज ऑल, म्हणजे साठवलेलं सगळं पुसायचं बटण, लई वेळा दाबलं. क्लाउडफ्लेअर (साइटच्या फाइलींच्या कॉप्या स्वतःकडं ठेवून लोकांना देणारी सेवा) पण लावलेलं आहे. कामून होत असंल असं?

परभणी_वेब: प्लगइनचं पर्ज फक्त वर्डप्रेसनं तयार केलेली पानं साफ करतंय भाऊ, तुमचा फोटो त्यात नाहीच. तो अडकलाय क्लाउडफ्लेअरकडं. ते आपण सांगितल्याशिवाय एचटीएमएल पान साठवत नाही पण जेपीजी, सीएसएस, पीडीएफ असल्या फाइली आपणहून साठवतंय. कॅशिंगमध्ये जाऊन कस्टम पर्ज घ्या अन फोटोचा पूर्ण पत्ता टाका. पर्ज एव्हरीथिंग उगाच दाबू नका, सगळ्या फाइली परत तुमच्या होस्टिंगवरून ओढल्या जातात अन साइट काही वेळ जड चालते.

मोंढा_लातूर: केलं. माझ्या फोनवर आला नवा, पण काकांच्या फोनवर अजून तोच. काकांना सांगंल मी सेटिंगमध्ये जाऊन साफ करा म्हणून, पण गावोगावच्या लोकांना कोण सांगणार?

नांदेडहून: कोणालाच सांगायची गरज नाही. काकांच्या फोनातल्या क्रोमनं फोटो स्वतःकडं ठेवलाय, तिथवर तुमचं कोणतंच पर्ज पोचत नसतंय. फोटोच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीसोबत सर्व्हर ब्राउझरला देतो त्या सूचनांत, मॅक्स-एज (कॉपी किती वेळ चालवायची तो आकडा) किती आहे बघा. बऱ्याच प्लगइनांत 604800 सारखे आकडे असतात, ते सेकंद आहेत, म्हणजे 7 दिवस. तेवढे दिवस ब्राउझर सर्व्हरला विचारायलाच जात नाही की बाबा फोटो बदलला का. भाव रोज बदलायलाय अन आपण फोनला आठवडाभर बदलणार नाही म्हणून सांगून ठेवलंय.

तर नाव बदला. फोटोच्या नावात रोजची तारीख घाला, ब्राउझरला ती नवीनच फाइल वाटते अन तो मुकाट्यानं आणतो. पानात लिंक बदलावी लागंल, पण पान अपडेट केलं की प्लगइन त्या पानाची कॅशे आपोआप साफ करतंय. फक्त पान स्वतः फोनात अडकू नये म्हणून त्याला नो-कॅशे हेडर ठेवा. नावावरून वाटतं साठवूच नको असा अर्थ असंल, पण अर्थ आहे साठव, दाखवायच्या आधी दर वेळी विचार. साठवूच नको म्हणायचं तर नो-स्टोअर वेगळं आहे.

अन खरं सांगू का, फोटोच काढून टाका. साध्या टेबलमध्ये आकडे लिहा, रेंज कमी असली तरी लवकर उघडतंय. वर मोठ्या अक्षरात तारीख अन वेळ. नेट गेलं अन जुनं पान समोर राहिलं तरी शेतकऱ्याला कळलं पाहिजे की हा भाव कधीचा आहे. माल भरून 20-25 किलोमीटर येतंय माणूस, भाड्याचे पैसे त्याच्या खिशातून जातात.

बीड_डिझाइन: सीएसएसला (साइटचे रंग, मांडणी ठरवणारी फाइल) पण हेच होतंय. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन व्हर्जनचा आकडा लावा, बदल केला की आकडा वाढवा. अन तपासताना इनकॉग्निटोमध्येच (ब्राउझरची जुन्या कॉप्या न वापरणारी खासगी विंडो) बघत जा, नाहीतर आपणच आपल्या जुन्या कॉपीवर फसतो.

मोंढा_लातूर: टेबल केलं, वर तारीख अन वेळ टाकली, पानाला नो-कॅशे लावलं. काकांच्या फोनवर जुनं पान होतं ते एकदा रिफ्रेश करावं लागलं, पण आज सौदा निघाल्यावर हात न लावता नवा भाव आला. औशाच्या त्या शेतकऱ्यांना फोन लावला, चूक आमची होती म्हणून सांगितलं, अन यायच्या आधी वरची तारीख बघा म्हणलं. राहिलेले कट्टे ते सोमवारी आणायलेत.