मदत हवी आहे: मरीयेला ‘देवाची माता’ म्हणायला प्रोटेस्टंट माणसाची हरकत असावी का?

नगरवाली

माझं माहेर नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. दोन्ही घरांत यावरून कधी वाद झालेला नाही. ऑक्टोबरात आळीत घरोघरी रोझरी (मरीयेची माळेवरची प्रार्थना) असते, मी बसते. प्रभूची प्रार्थना म्हणते, ‘नमो मरिया’चा पहिला भागही म्हणते, कारण तो गाब्रिएल दूताच्या आणि अलीशिबेच्या तोंडचा, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातलाच आहे. पुढे ‘देवाच्या माते’ आलं की मी गप्प. आजवर कुणी टोकलं नाही.

यंदा सासूबाई म्हणाल्या, आपल्या घरची रोझरी तू सांग. नवरा हसून म्हणाला, सांगणाऱ्याला पहिला अर्धाच म्हणायचा असतो, दुसरा बाकीचे म्हणतात, तू सुटलीस! पण मला अशी पळवाट नको आहे. म्हणायचं तर समजून म्हणेन, नाही तर का नाही ते सासूबाईंना नीट सांगेन.

बाबांना (निवृत्त शिक्षक, बायबल तोंडपाठ) फोन केला. त्यांचं म्हणणं असं: ही उपाधी बायबलमध्ये नाही. ती ४३१ साली इफिसच्या परिषदेत काढली, तेही अर्तमी देवीच्या गावात, म्हणजे देवी बदलली आणि देऊळ तेच राहिलं. शिवाय ज्याने ती मंजूर करून घेतली त्या आलेक्झांड्रियाच्या बिशप सिरिलने दरबारात लाच चारली होती. आणि आपल्या लोकांनी ती कधीच मानली नाही.

यातलं खरं किती? मरीयेची भक्ती करावी की नाही यावर कृपया भांडू नका, ते घरी ऐकून झालंय.

चहाटळ

आमच्यासारख्यांना हा प्रश्नच कळत नाही. देवकी, कौसल्या, अनसूया, सगळ्या देवाच्या आयाच की. यात भांडण्यासारखं काय?

जुनी_पानं

चहाटळ, गंमत म्हणजे तुमचाच मुद्दा या उपाधीच्या विरोधात असलेल्या बिशप नेस्टोरियसने उलट्या बाजूने मांडला होता. देवाला आई असते का? असेल तर मग देवांना आया चिकटवणाऱ्या ग्रीकांना कशाला नावं ठेवायची, असं तो प्रवचनात विचारायचा. म्हणजे त्याची धास्ती नेमकी हीच होती की ऐकणाऱ्याला हे पुराणातल्यासारखं वाटेल.

नगरवाली ताई, आता तुमच्या बाबांच्या मुद्द्यांकडे.

इफिसमध्ये ही उपाधी ‘काढली’ हे चूक आहे. ‘थिओटोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, हा ग्रीक शब्द त्याआधी शंभरेक वर्षं तरी वापरात होता. आलेक्झांड्रियाचा बिशप आलेक्झांडर एरियसच्या (येशूला देवाने निर्माण केलं असं म्हणणाऱ्याच्या) वादाच्या वेळच्या पत्रात तो सहज लिहून जातो, जणू सगळ्यांना माहीतच आहे. नाझियान्झसच्या ग्रेगरीने तर ३८२च्या सुमारास लिहिलं की मरीयेला थिओटोकोस न मानणारा देवापासून तुटला. हे दोघेही इफिसचे नव्हेत. गाव अर्तमीचं होतं हे खरं, प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायातला दंगा तिथलाच. पण परिषद तिथे भरवली ती रोमन सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने. शब्द बाहेरून आला होता आणि भांडण राजधानी कॉन्स्टँटिनोपलचं होतं.

ते भांडण असं. ४२८ साली अंत्युखियाकडचा संन्यासी नेस्टोरियस राजधानीचा बिशप झाला. त्याच्यासोबत आलेल्या अनास्तासियस नावाच्या धर्मगुरूने चर्चमध्ये सांगितलं की मरीयेला थिओटोकोस म्हणू नका, ती माणूस होती आणि माणसापासून देव जन्मू शकत नाही. लोक भडकले. नेस्टोरियसने त्याला आवरायचं सोडून त्याचीच बाजू घेतली आणि मधला मार्ग म्हणून ‘ख्रिस्ताला जन्म देणारी’ म्हणा असं सुचवलं. त्या काळचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ तो वेगळा) लिहितो की नेस्टोरियस ख्रिस्ताचं देवपण नाकारत नव्हता, तो या एका शब्दाला बागुलबुवासारखा घाबरत होता. मला हे निदान फार पटतं.

सिरिलचं उत्तर साधं होतं. बाळाचा आत्मा आई घडवत नाही, तो देव देतो. तरी आपण तिला ‘शरीराची आई’ म्हणत नाही, अख्ख्या माणसाची आई म्हणतो. आई व्यक्तीची असते, स्वभावाची (देवपण किंवा माणूसपण यांची) नसते. मरीयेच्या पोटी जन्मलेली व्यक्ती कोण? योहान १:१४ प्रमाणे देही झालेला शब्दच, म्हणजे देवाचा पुत्रच असेल, तर ती त्याची आई. देवपणाची सुरुवात तिच्यापासून झाली असं सिरिल कुठेच म्हणत नाही.

म्हणून हा वाद मरीयेचा कमी आणि येशूचा जास्त आहे. ‘देवाची माता नाही, फक्त येशूची’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: मग गोठ्यात निजलेला कोण होता?

पाळकांचा_मुलगा

तर्क मान्य. पण चौथ्या-पाचव्या शतकातला अर्थ आणि आज ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात येणारा अर्थ एक आहे का? आमच्या मंडळीत कुणी ‘देवाची माता’ म्हणालं तर निम्म्यांना वाटेल की तिलाही देव केलं. शब्द बरोबर असूनही शिकवण चुकीची पोहोचू शकते. तुमच्या बाबांची काळजी तीच असावी, आणि ती फालतू नाही.

नगरवाली

@जुनी_पानं, खूप आभार, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. पण लाचेचं काय? तो भाग तुम्ही सोडलात! आणि आपल्या लोकांनी मानली नाही हे तरी खरं ना?

जुनी_पानं

सोडला नाही, जेवायला उठलो होतो.

लाच खरी आहे. सिरिलच्याच माणसाने, एपिफानियसने, राजधानीच्या नव्या बिशपला लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. त्यासोबत दरबारातल्या कुणाला काय पाठवलं त्याची यादीही आहे: गालिचे, पडदे, हस्तिदंती खुर्च्या आणि शेकडो रत्तल सोनं. त्या काळात दरबारी ‘भेटी’ सर्रास चालायच्या हे धरूनही रक्कम डोळे पांढरे करणारी आहे.

परिषदेचं कामकाजही काही आदर्श नव्हतं. अंत्युखियाचा बिशप योहान आणि पूर्वेकडचे बिशप वाटेत होते. साठांहून जास्त बिशपांनी थांबा म्हणून लेखी विरोध केला, सम्राटाचा अधिकारी विरोध करत होता, तरी सिरिलने २२ जून ४३१ला परिषद सुरू केली आणि त्याच दिवशी नेस्टोरियसला पदावरून काढलं. रात्री लोकांनी मशाली घेऊन बिशपांना मुक्कामी पोहोचवलं. चार दिवसांनी योहान आला आणि त्याने वेगळी सभा भरवून सिरिललाच काढलं. सम्राटाने आधी दोन्ही निर्णय मान्य करून सिरिल आणि नेस्टोरियस दोघांनाही नजरकैदेत टाकलं. अशी ही ‘पवित्र’ परिषद.

पण इथे थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. ४३३ साली सिरिल आणि तोच योहान एका मसुद्यावर एकत्र आले. मसुदा अंत्युखियाच्या वळणाचा होता, त्यात ख्रिस्ताचे दोन स्वभाव स्पष्ट होते आणि मरीया थिओटोकोस हेही होतं. सिरिलला मधल्या काळात बरंच नमतं घ्यावं लागलं. तोच सूर ४५१च्या खाल्सेदोनच्या परिषदेत आला: माणूसपणाच्या दृष्टीने थिओटोकोस मरीयेपासून जन्मलेला. म्हणजे ज्यांच्यावर सिरिलने कुरघोडी केली त्यांनीही शब्द स्वीकारला, तोही आपला अर्थ जोडून. लाचेमुळे नेस्टोरियसचं पद गेलं असेल. शब्द टिकला तो लाचेमुळे असं मला वाटत नाही.

नेस्टोरियसवर अन्यायही झाला. ‘दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही’ हे त्याच्या नावावर खपवलेलं वाक्य विरोधकांनी परिषदेत सांगितलेलं आहे. तो मिसरच्या वाळवंटात हद्दपारीत मेला. त्याने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेला ग्रंथ सिरियाक भाषांतरात सापडून १९१० साली छापला गेला, आणि तेव्हापासून बरेच अभ्यासक म्हणतात की नेस्टोरियस स्वतः ‘नेस्टोरियन’, म्हणजे ख्रिस्तात दोन व्यक्ती मानणारा, नव्हताच.

पाळकांचा_मुलगा

‘आपल्या लोकांचं’ मी सांगतो, हा माझा प्रांत. बाबा इथे थोडे चुकले. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने १५३९मध्ये परिषदांवर लिहिताना नेस्टोरियसलाच झोडपलं आहे. लूथरनांच्या १५७७च्या मतपत्रात मरीया खरोखर देवाची माता आहे असं सरळ लिहिलंय. दुसरा मोठा प्रोटेस्टंट सुधारक काल्व्हिन मात्र सावध. लूक १:४३वर, जिथे अलीशिबा मरीयेला ‘माझ्या प्रभूची माता’ म्हणते, तिथे तो ख्रिस्ताची व्यक्ती एकच असल्याचं मान्य करतो. पण १५५२च्या पत्रात लंडनमधल्या परदेशी मंडळीला तो कळवतो की प्रवचनांत ही उपाधी वापरणं मला बरं वाटत नाही. अर्थाला विरोध नाही, वापराला आहे. नगरवाली, तुमची मंडळी जुन्या अमेरिकन मराठी मिशनमधली असेल तर ती काल्व्हिनच्याच वळणाची. त्यामुळे बाबांचा संकोच घराण्याचा आहे म्हणा.

आणि रविवारी आपण मतांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणतोच की, कुमारी मरीयेपासून जन्मला. तिथे तुम्ही गप्प बसत नाही.

बंदरपाखाडी

वसईचाच आहे म्हणून एक सांगतो. १ जानेवारीला आम्ही मिस्साला जातो तो सण ‘देवमाता मरिया’चा, नव्या वर्षाचा नव्हे. निम्म्या आळीला हे माहीत नसतं. त्यामुळे सासूबाईंना सिरिल-नेस्टोरियस सांगायला जाल तर त्या तुम्हालाच रोझरी पुढची दहा वर्षं सांगायला लावतील 😀

त्रिचूरहून

मराठी माणूस, नोकरीनिमित्त केरळात. इथे त्रिशूरमध्ये खाल्डियन सिरियन चर्च आहे, पूर्वेच्या चर्चपैकी, ज्यांना लोक नेस्टोरियन म्हणायचे. त्यांच्या उपासनेत आजही ‘ख्रिस्ताची माता’च म्हणतात. पण ११ नोव्हेंबर १९९४ला पोप जॉन पॉल दुसरे आणि त्यांचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी रोममध्ये संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात म्हटलंय की एक चर्च ‘आमचा देव आणि तारणारा ख्रिस्त याची माता’ म्हणून प्रार्थना करतं, दुसरं ‘देवाची माता’ आणि ‘ख्रिस्ताची माता’ असं दोन्ही म्हणतं, श्रद्धा एकच आणि दोन्ही प्रकार योग्य. इतक्या रक्तपातानंतर एक कागद!

जुनी_पानं

+१, हे घोषणापत्र सासूबाई आणि बाबा दोघांनाही दाखवण्यासारखं आहे. आणि @पाळकांचा_मुलगा, तुमची पहिली हरकत मला खोडता आली नाही. ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो हे खरंच. त्यावर उपाय एकच दिसतो, म्हणण्याआधी दोन वाक्यांत सांगणं.

नगरवाली

तेच करणार आहे. रोझरीआधी शुभवर्तमानातलं वाचन असतं, तिथे लूक १:३९ ते ४५ मी वाचते असं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या वाच, पण लांबण लावू नको, लोकांना चहा द्यायचा असतो. दुसरा अर्धाही मी म्हणणार आहे. प्रवचनात वापरायचा की नाही हे काल्व्हिन आणि बाबा बघून घेतील, मला तर एकाच संध्याकाळचा प्रश्न आहे.

बाबांना लूथरचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, काल्व्हिनचं ते १५५२चं पत्र वाचायला मिळव. कुणाकडे इंग्रजीत आहे का?

पाळकांचा_मुलगा

आहे. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. पत्र मोठं आहे, मरीयेबद्दलचा भाग छोटासाच आहे, बाबांना आधीच सांगून ठेवा.